पाणी नव्हतं का त्यांच्याकडं?

किजोशू. जपानीत तीन अक्षरांचा शब्द. बाटलीवर तो ब्रशनं उभा लिहिलेला होता आणि तीनपैकी मधलं अक्षर मला येत नव्हतं. पहिलं ‘कि’, म्हणजे मौल्यवान, थोर. समोरच्याला ‘आपण’ म्हणायच्या शब्दाची सुरुवात ह्याच अक्षरानं होते. शेवटचं ‘शू’ म्हणजे दारू, ते तर जपानीच्या पहिल्या वर्षातल्या मुलालाही येतं. मधलं ‘जो’ मात्र भलतंच गिचमिडीचं. मोबाईलवर बोटानं गिरवून शोधलं तेव्हा अर्थ सापडला: आंबवणं, आंबवून दारू करणं.

मग लक्षात आलं की दारूच्या अक्षरात जे रांजणाचं चित्र आहे तेच ह्या गिचमिडीतही आहे. व्हिनेगरच्या अक्षरात तोच रांजण, सोया सॉसच्या अक्षरात तोच, आणि झिंगण्याच्या अक्षरातही तोच. एकाच भांड्यातून स्वयंपाकघरही निघतं आणि गुत्ताही. आपल्याकडे ह्या दोन गोष्टींची भांडी वेगळी आहेत, गल्ल्या वेगळ्या आहेत, आणि आमच्या घरात तर त्यांची नावंसुद्धा एका दमात घेत नाहीत.

मी तळेगावच्या एमआयडीसीत एका जपानी कारखान्यात दुभाषी आहे. मशीनच्या ड्रॉइंगवरच्या टिपा, अपघाताचे अहवाल, ‘हे असंच का केलं’ हे पाच वेगवेगळ्या पद्धतींनी विचारणाऱ्या मीटिंगा, असं सगळं इकडून तिकडे नेते. आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे ‘बुचो’ म्हणतात (ते नाव नाही, हुद्दा आहे), हिरोशिमाकडचे. तीन वर्षं संपवून परत निघायच्या आधी त्यांनी ती बाटली आणली होती. विमानतळावरून बाहेरच्या देशाची दारू माणशी दोन लिटर आणता येते, त्यातली ही अर्धा लिटरची. बाकी सगळ्यांसाठी साधी साके होती. ही वेगळी ठेवलेली.

“गोड आहे,” ते म्हणाले, जणू काही कुणाची तरी तक्रार सांगताहेत.

साके म्हणजे तांदळाची वाईन असं आपल्याकडे सर्रास लिहितात. ते तितकंसं बरोबर नाही. द्राक्षात साखर आयती असते, तिला फक्त यीस्ट भेटायला हवं. तांदळात साखर नसते, पिठूळपणा असतो. त्याची साखर करायला जपानी लोक कोजी वापरतात. कोजी म्हणजे बुरशी. वाफवलेल्या तांदळावर तिची बी भुरभुरायची, उबदार खोलीत दोन दिवस ठेवायचं, दाण्यांवर पांढरी लव येते. हा कोजी लागलेला तांदूळ, साधा वाफवलेला तांदूळ, पाणी आणि यीस्ट एकाच पिंपात एकत्र. कोजी पिठाची साखर करत राहते, यीस्ट त्या साखरेची दारू करत राहतं, दोन्ही कामं एकाच वेळी. हे सगळं एकदम ओतत नाहीत. चार दिवसांत तीन हप्त्यांनी घालतात आणि मध्ये एक दिवस नुसतं राहू देतात, म्हणजे यीस्टची फौज वाढते. त्या मधल्या दिवसाला ‘ओदोरी’ म्हणतात. (मला आधी वाटलं होतं ‘नाच’. उच्चार तोच आहे. पण जिन्याच्या दोन टप्प्यांमधल्या सपाट जागेलाही जपानीत ‘ओदोरीबा’ म्हणतात.)

किजोशूत फरक फक्त शेवटच्या हप्त्यात. तिसऱ्या वेळी पाणी घालायचं, त्याऐवजी तयार साके घालतात. बस, एवढंच. पण त्यानं सगळं बदलतं. पिंपात एकदम मद्यार्क वाढतो, यीस्टला तो सोसत नाही, ते मंदावतं. कोजीचं काम मात्र चालूच राहतं. साखर तयार होते आणि ती खाणारं कुणी उरत नाही. दारूनंच दारू होणं थांबवलं, म्हणून गोडी राहिली. साकेच्या बाटलीवर गोडीचा एक आकडा असतो; जितका शून्याच्या खाली तितकी गोड. नेहमीची साके शून्याच्या आसपास किंवा थोडी वर असते. किजोशूचा आकडा उणे चाळीसपर्यंतही जातो. मद्यार्क साधारण सोळा टक्के, म्हणजे बिअरच्या तिप्पट. गोड आहे म्हणून हलकी आहे असं अजिबात नाही.

आणि ही काही कुणा आजीबाईची पारंपरिक कृती नाही. १९७३ साली जपानच्या राष्ट्रीय कर खात्याच्या मद्य प्रयोगशाळेत, सातो माकोतो ह्या संशोधकाच्या गटानं ती तयार केली. कर खात्याची प्रयोगशाळा! तिकडे दारूवरचा कर हा इतका मोठा विषय होता की ती चांगली कशी होईल हेही करवाल्यांनीच बघितलं. परदेशी पाहुण्यांना सरकारी मेजवानीत फ्रेंच वाईन वाढावी लागते, त्या तोडीचं, महागातलं असं काहीतरी आपलं हवं, हा हेतू. दुसऱ्या वर्षी, १९७४ मध्ये, हिरोशिमाजवळच्या कुरे शहरातल्या एनोकी शुझो ह्या कंपनीनं ती पहिल्यांदा बाजारात आणली, ‘हानाहातो’ नावानं. आमच्या बुचोंची बाटली त्यांचीच, आठ वर्षं मुरवलेली.

पण ‘नवीन शोध’ म्हणण्यातही गंमत आहे. सातोंच्या गटानं आधार घेतला तो ‘एंगिशिकी’ ह्या ग्रंथाचा. इसवी सन ९२७ मध्ये पूर्ण झालेलं हे दरबारी नियमांचं बाड. राजवाड्यात कोणती दारू कशी करायची तेही त्यात आहे, आणि त्यातल्या एका दारूत पाण्याच्या जागी पुन्हा पुन्हा दारूच घालायला सांगितली आहे. त्याच्याही आधी, ७१२ सालच्या ‘कोजिकी’त, अशाच आठ वेळा आंबवलेल्या दारूची एक गोष्ट आहे. ती पुढे येईल. मी ती आईला सांगितली आणि आईनं माझ्या सगळ्या अभ्यासावर बोळा फिरवला.

निरोपाचं जेवण लोणावळ्यात होतं, तुंगार्लीच्या बाजूला भाड्यानं घेतलेल्या बंगल्यात. जुलै महिना, शनिवार. म्हणजे काय ते लोणावळ्याजवळ राहणाऱ्याला सांगायला नको. भुशी डॅमच्या रस्त्यावर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या, कणसाचा धूर, धबधब्याखाली पाचपन्नास ओरडणारी पोरं, आणि वर ढग इतका खाली की गच्चीवरून राजमाची पॉइंट असेल तिकडे नुसता कापूस. आम्ही मावळातले लोक जुलैतल्या शनिवारी लोणावळ्यात जात नाही, लोणावळ्यापासून लांब राहतो.

बुचोंनी व्हॅनिला आइस्क्रीम मागवलं होतं. किजोशू त्यावर ओतून खातात म्हणे. आइस्क्रीम ट्रॅफिकमध्ये अडकलं. मग टेबलावर होती ती चिक्की त्यांनी फोडली. साधी, शेंगदाण्याची, गुळाची. लोणावळ्यात आता चॉकलेटचीही चिक्की मिळते, पण मूळची ही गूळदाणीच. छोट्या पेल्यात, जेमतेम दोन घोट, त्यांनी मला ओतून दिली. दोन्ही हातांनी पेला धरायचा असतो. मी धरला.

रंग काकवीचा. मला दुसरी उपमाच सुचली नाही, अजूनही सुचत नाही. तिरका केला की पेल्याच्या काठाला हलकेच चिकटून मागे येत होती. वास आधी मनुकांचा, मग जुन्या लिंबाच्या लोणच्याच्या तळाशी जो काळसर खार उरतो त्याचा, आणि त्याच्या मागून गुळाचा. जिभेवर आधी गोड, दाट, मग मधूनच आंबट धार, आणि शेवटी काहीतरी खारट-रुचकर, ज्याला मराठीत शब्द नाही पण चिंचगुळाच्या आमटीत जे असतं ते. चिक्कीचा तुकडा तोंडात असताना दुसरा घोट घेतला तर दोन्हीतला गूळ एक झाला. छान होतं. मी हे स्पष्टच लिहिते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल मला ते आवडलं नाही. फार आवडलं. आयुष्यात मी जी काही चार-पाच प्रकारची दारू चाखली आहे त्यातली ही सगळ्यात चांगली.

आणि तरी तिसऱ्या घोटाला मी पेला खाली ठेवला, कारण तो गुळाचा वास मला माहीत होता.

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला, नाणे मावळात, ओढ्याच्या कडेला करवंदीच्या जाळीत ड्रम असायचे. काळा गूळ, नवसागर, पाणी. पेपरात धाडीची बातमी येते तेव्हा ‘गूळमिश्रित कच्चे रसायन नष्ट केले’ असं लिहितात, ते हे. पावसाळ्यात ओढा फुगला की ड्रम वर सरकवायचे. शाळेत जाता-येता वास यायचा, आणि मी सहावी-सातवीत असेपर्यंत मला तो चांगला वाटायचा, गुऱ्हाळासारखा. त्याच वासाची पुढची पायरी संध्याकाळी आण्णांच्या बरोबर घरात यायची.

आण्णांबद्दल मी थोडंच लिहिणार आहे. ते प्यायचे. आधी हातभट्टीची, नंतर फुग्यातली, मग पुन्हा हातभट्टीची कारण ती स्वस्त. भात झोडपून पोती घरात आली की दहा-पंधरा दिवस आई रात्रीची पोत्यांवर हातपाय टाकून झोपायची. मारायचे का, हे सगळे विचारतात; हो, मारायचे. आमचं जेवण ते झोपल्यावर व्हायचं. मी नववीत असताना ते गेले. त्यानंतर आमच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा आई लेबल बघून घेते. तिनं माळ घातली ती आण्णा गेल्यावर नाही, त्याच्या दोन वर्षं आधी, देहूला जाऊन. तिला वाटलं होतं एकानं घातली तर दुसऱ्याला लाज वाटेल.

तर लोणावळ्यातल्या त्या टेबलाशी मला जे झालं ते घाबरणं नव्हतं. चक्रावणं होतं. हाच वास, हाच गूळ, आणि बाजूला एक माणूस बसलाय जो दोन घोटांवर पाऊण तास बोलतोय. तांदूळ किती सडला, कोणत्या विहिरीचं पाणी, कोणत्या वर्षीची. आमच्या ओढ्याकाठी कुणी कधी ‘कोणत्या वर्षीची’ विचारलं असेल का? तिथं एकच प्रश्न असायचा, चढते का.

(बुचोंना मी थोर करून ठेवणार नाही. कंपनीच्या पार्ट्यांत त्यांच्यातल्या काहींना टॅक्सीत उचलून घालताना मी पाहिलंय. जपानी लोक दारूचे सगळे संस्कार पाळतात आणि मग स्टेशनच्या बाकावर सूट-टायसकट झोपतात. हेही तितकंच खरं.)

घरी येताना मनात एकच घोळत होतं: आपल्याकडे तांदळाची दारू का नाही? मावळात तांदळाशिवाय दुसरं आहे काय? शोधल्यावर कळलं की होती, फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं एक अख्खं प्रकरण आहे आणि त्यात ‘मेदक’ नावाच्या दारूचं प्रमाण दिलंय: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. हे किण्व म्हणजे त्यांची कोजी, आंबवायचं विरजण, आणि ते करायचं कशाचं? उडीद आणि तांदूळ. म्हणजे जवळजवळ आंबोळीचं पीठच की! हंडिया, अपोंग ह्या तांदळाच्या दारू झारखंडात, अरुणाचलात आजही घरोघर होतात. आमच्याकडे त्यातलं उरलं काय, तर शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला एक शब्द. किण्वन. ‘किण्वन म्हणजे काय ते सांगून एक उदाहरण लिहा.’ आम्ही सगळ्यांनी दही लिहिलं. (दह्याला एक मार्क मिळाला.) ओढ्याकाठचे ड्रम कुणीच लिहिले नाहीत.

तांदूळ आमच्याकडे दारूकडे वळला नाही, भाकरीकडे वळला, घावनाकडे, पेजेकडे, खिरीकडे. दारू आली ती गुळातून, ड्रममधून, पोलिसांपासून लपत. लपून केलेल्या गोष्टीला आठ वर्षं मुरायला कोण ठेवणार?

ह्यावर सरकारचंही काही धड नाही. आपल्या राज्यात दारूबंदीचा १९४९चा कायदा अजून आहे. त्यामुळे प्यायला परवाना लागतो आणि एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो. दुसरीकडे गावातल्या बायकांनी मागणी केली तर दुकान बंद करायला मतदान घेता येतं, चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. आईला हे मतदान इतकं आवडतं की कोणत्याही निवडणुकीचा विषय निघाला तरी ती ‘आडवी’ म्हणते. पण आमच्या गावात दुकान कधी नव्हतंच. करवंदीच्या जाळीवर कोण शिक्का मारणार?

बुचोंनी उरलेली बाटली मला दिली. अर्ध्याहून जास्त होती. ती मी तळेगावच्या खोलीवर ठेवू शकले असते. पण मी आईपासून कामाचं काही लपवत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तिचं मत हवं होतं. भाताबद्दल तिच्याइतकं कळणारं माणूस मला माहीत नाही. डोळे मिटून मूठ नाकाशी नेली की ती नवा तांदूळ, जुना तांदूळ, भिजलेल्या पेंढ्याजवळ ठेवलेला तांदूळ ओळखते.

“आई, साहेबांनी जाताना दारू दिली. तांदळाची.”

ती आवणाच्या कामातून आली होती, पायाला चिखल. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तांदळाची? तांदळाची कशी होईल?”

तिच्या डोक्यात आधी दारू आली नाही, तांदूळ आला. मी ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं. कोणता तांदूळ, ते आधी. साकेच्या तांदळातला राजा म्हणजे यामादा निशिकी. १९२३ साली दोन जातींच्या संकरातून केला, १९३६ मध्ये नाव मिळालं. आईला ह्यात नवल वाटलं नाही, कारण इंद्रायणीचंही तसंच. वडगावच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ ह्यांच्या संकरातून ती झाली, १९८७ मध्ये. आईचं लग्न त्याच्या पुढच्या वर्षीचं. ती म्हणते, “मी अन् इंद्रायणी एकदमच ह्या घरात आलो.”

मग सडण्याची गोष्ट. आईला एकसडी माहीत, दोनसडी माहीत. साकेचा तांदूळ इतका सडतात की साठ टक्केच दाणा उरतो, भारी साकेसाठी तर निम्म्याहूनही कमी. बाहेरच्या भागात प्रथिनं आणि तेल असतं, त्यानं दारूची चव जाडी होते, म्हणून.

“अन् निघालेल्या पिठाचं?” आईनं विचारलं. आधी ह्याचीच चौकशी.

पापड्या करतात, गुरांना घालतात, वरच्या कोंड्यात भाज्या मुरवून लोणचं घालतात, असं सांगितल्यावर ती जरा निवांत झाली. फुकट जात नाही म्हटल्यावर पुढचं ऐकायची तयारी दिसली. मग मी किजोशूवर आले. तिसऱ्या वेळी पाण्याऐवजी दारू घालतात, म्हणाले.

“का? पाणी नव्हतं का त्यांच्याकडं?”

मी हसले, ती हसली नाही. आमच्या भागात हा प्रश्न विनोदी नाही. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या विरोधात लोक बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर बसले, पोलिसांनी गोळीबार केला, तिघे शेतकरी गेले. आईच्या लेखी पाण्याच्या जागी दुसरं काही घालावं लागणं म्हणजे कुणीतरी पाणी नेलंय. मी तिला सांगितलं की पाणी मुबलक आहे, मुद्दाम असं करतात, चव यावी म्हणून, आणि महाग विकता यावी म्हणूनही. हे तिला पटलं. महाग विकणं समजतं.

“दाखव,” ती म्हणाली.

मी झाकण काढलं. तिनं बाटली हातात घेतली नाही. मी वाटीत दोन चमचे ओतले आणि वाटी ओट्याच्या कडेला ठेवली. माळ एका हातानं छातीशी धरून ती वाकली आणि वास घेतला. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं मला धाडस होत नव्हतं, मी वाटीकडे बघत राहिले.

“तांदूळ नाहीच ह्यात,” ती म्हणाली. “गूळ हाय.”

“गूळ नाही घातलेला, आई. जुनी झाली की तसा वास येतो.”

“मला नको शिकवू. मला गुळाचा ठावं आहे.” मग पुन्हा एकदा वास घेतला, ह्या वेळी जास्त वेळ. “पण नवसागर नाही.”

एवढंच म्हणून ती बाजूला झाली. मला वाटतं त्या दोन शब्दांत तिनं आमच्या ओढ्याकाठची आणि कुरेची दारू वेगळी काढली, बुचोंना पाऊण तास लागला होता तेच.

तोंडात तिनं घेतली नाही. घेणार नव्हतीच, आणि मी ‘थोडीशी’ म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. मी वाटीतली घेतली, तिच्यासमोर. तिनं बघितलं, काही बोलली नाही, चुलीकडे वळून तवा टाकला. मला वाटलं विषय संपला. पण भाकरी थापता थापता म्हणाली, “ही पहिल्यांदी कुणी केली?”

तेव्हा मी तिला कोजिकीतली गोष्ट सांगितली. एक म्हातारा-म्हातारी असतात. त्यांना आठ मुली. आठ तोंडांचा एक सर्प दर वर्षी येतो आणि एक मुलगी खातो. सात गेल्या, एक राहिली. तिचं नाव कुशिनादा. दुसऱ्या एका जुन्या ग्रंथात तिचं नाव जी अक्षरं घेऊन लिहिलंय, त्यांत ‘भाताचं खाचर’ असा शब्द आहे. स्वर्गातून हाकललेला सुसानोओ नावाचा देव तिथं येतो आणि त्या दोघा म्हाताऱ्यांना सांगतो, आठ वेळा आंबवलेली दारू करा, आठ दारं असलेलं कुंपण घाला, दर दाराशी एक पिंप ठेवा. सर्प येतो, आठही तोंडं आठ पिंपांत घालतो, पितो, पडतो, झोपतो. आणि झोपल्यावर देव त्याचे तुकडे करतो.

आई ऐकत होती. भाकरी उलटली, पुन्हा उलटली.

“म्हंजी मारायलाच केली होती,” ती म्हणाली.

मी इतके दिवस ही गोष्ट किजोशूची वंशावळ म्हणून वाचत होते. एंगिशिकी, कर खात्याची प्रयोगशाळा, सरकारी मेजवान्या, आणि गेल्या काही वर्षांत भर म्हणजे युनेस्को, ज्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये कोजीनं दारू करायच्या जपानी पद्धतीला वारसा म्हणून मान्यता दिली. ह्या सगळ्या मानाच्या रांगेत सगळ्यात जुनी नोंद एका सापळ्याची आहे, हे माझ्या समोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. आईला एका फटक्यात दिसलं.

“त्या म्हातारीनं सोता केली दारू?” तिनं विचारलं.

“दोघांनी मिळून. देवानं करायला सांगितली.”

“अन् तो झोपला.”

“हो.”

“झोपला की बरं असायचं,” आई म्हणाली. सर्पाबद्दल नाही. भाकरी ताटात घातली, वर ठेचा, आणि माझ्याकडे सरकवली. आम्ही जेवलो. बाटली ओट्यावरच होती. ती हलवायला तिनं सांगितलं नाही.

रविवारी संध्याकाळी निघताना तिनं पिशवीत दहा किलो इंद्रायणी भरून दिली, खोलीवरच्यासाठी. बुचोंना तिचा भात आवडायचा. तळेगावात पहिल्यांदा त्यांनी तो खाल्ला तेव्हा काड्यांनी घास उचलला जातोय ह्याचाच त्यांना आनंद झाला होता. चिकट असतो ना. मी गाडीत बसता बसता आईनं विचारलं, “आपल्या इंद्रायणीची होती का ती?”

मला उत्तर येत नव्हतं, म्हणून बुचोंना मेसेज केला. ते तोपर्यंत हिरोशिमाला पोचले होते. त्यांचं उत्तर रात्री आलं, नेहमीसारखं मुद्देसूद. दारू कोणत्याही तांदळाची करता येते. पण कोजीला बाहेरून कोरडा आणि आतून मऊ असा दाणा लागतो. चिकट तांदळाचे गोळे होतात, कोजी आत नीट शिरत नाही. शिवाय इतका सडल्यावर इंद्रायणीचा सुवास निघून जाईल. करता येईल, पण चांगली होणार नाही. खाली त्यांनी लिहिलं होतं, आईंना निराश करावं लागतंय, क्षमस्व.

मी आईला फोन केला.

“चांगली होत नाही म्हणतात.”

“मग बरंय,” आई म्हणाली.